खेळणं खेळायलाच घ्यावं

सावंतवाडीवर कुणीही लेख लिहिला की त्यात तीन गोष्टी ठरलेल्या असतात. राजवाड्यासमोरचा मोती तलाव, चितार आळीतली लाकडी खेळणी, आणि शेवटी ‘ही कला जपली पाहिजे’ असं एक वाक्य. तलावाबद्दल आणि खेळण्यांबद्दल माझी काही तक्रार नाही. भांडण आहे ते त्या शेवटच्या वाक्याशी. जपायची म्हणजे नेमकं करायचं काय? आणि करायचं कुणी? हे तो लेख सांगत नाही. वाचणाराही विचारत नाही. दोघांनाही एक चांगलं काम केल्यासारखं वाटतं आणि विषय संपतो.

माझं म्हणणं उलटं आहे. आपण सावंतवाडीची खेळणी नको तितकी जपतोय, आणि त्या जपण्यानंच ती बनवणाऱ्याचे हाल होतायत. हे वाचायला विचित्र वाटेल, म्हणून नीट सांगतो.

गोव्याहून सावंतवाडी काही लांब नाही. म्हापसा, पेडणे, पत्रादेवी, पुढे बांदा आणि मग सावंतवाडी. सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाला आरामात परत. हे सावंत-भोसल्यांच्या संस्थानाचं राजधानीचं गाव, जुनं नाव सुंदरवाडी. राजवाडा खेम सावंत तिसरे यांच्या काळातला, म्हणजे १७५५ ते १८०३ यांच्या मधला. त्याच्या समोरचा मोती तलाव १८७४ सालचा. गावाचं सगळं या तलावाभोवती चालतं. संध्याकाळचं फिरणं, कठड्यावरच्या गप्पा, नारळी पौर्णिमेला पाण्यात सोडायचा नारळ, चतुर्थीनंतरचं गणपतीचं विसर्जन. आणि तलावापासून चालत जाण्याइतक्या अंतरावर चितार आळी.

चितारी म्हणजे चित्र काढणारा, रंगवणारा. या समाजाची घरं सावंतवाडीत आहेत तशी गोव्यातही आहेत. आपल्याकडे कुंकळ्ळीचं लाखेचं लाकूडकाम प्रसिद्ध आहे, ते याच हातांचं. सावंतवाडीच्या खेळण्यांसाठी जुन्या काळापासून वापरलेलं लाकूड म्हणजे पांगारा. तोच तो लाल फुलांचा, अंगावर काटे असलेला, कुंपणाला लावतात आणि मिरीचा वेल चढवायला ठेवतात तो. पांगाऱ्याचं लाकूड हलकं आणि मऊ. घर बांधायला त्याचा उपयोग नाही, पण खेळण्याला अगदी योग्य, कारण मुलाच्या हातून पायावर पडलं तरी लागत नाही. या लाकडातून आंबा, फणस, केळ्यांचा घड, सीताफळ, वांगं, मिरची अशी फळं आणि भाज्या होतात. भातुकली होते, म्हणजे चूल, जातं, उखळ-मुसळ, पोळपाट-लाटणं. शिवाय बाहुल्या, बैलगाडी, पाळणा, पाट, चौरंग. आणि चालायला शिकणाऱ्या पोरासाठी पांगुळगाडा.

ही यादी पुन्हा एकदा वाचा. यातली एकही वस्तू ‘शोभेची’ नाही. फळं आणि भातुकली खेळण्यासाठी, पांगुळगाडा चालायला, पाट बसायला, चौरंग पूजेला. रुखवतात मांडलेली लाकडी फळंही पुढे त्या घरातल्या पोरांच्या हाती जायची. म्हणजे चितार आळी हे काही कलादालन नव्हतं, रोजच्या गरजेचं दुकान होतं.

आता आपल्या घरांत बघा. सावंतवाडीहून आणलेल्या फळांची परडी कुठे असते? हॉलमधल्या काचेच्या कपाटात. पाहुण्यांचं पोर आलं, त्यानं काचेवर बोट ठेवलं, की आतून आवाज येतो, “हात नको लावूस हां, पडेल.” मग त्याच पोराला गप्प बसवायला हातात मोबाइल दिला जातो. परडी सुरक्षित. वीस वर्षं सुरक्षित. आणि त्या वीस वर्षांत त्या घरातून चितार आळीत दुसरा रुपया गेलेला नसतो.

गोष्ट साध्या हिशेबाची आहे. खेळणं खेळलं की त्याचा रंग उडतो, चाक निघतं, मिरची हरवते, जात्याचा खुंटा तुटतो. मग पुढच्या वर्षी दुसरं लागतं. शोपीस एकदाच विकलं जातं. ज्या दिवशी आपण खेळण्याला ‘कलाकृती’ म्हणून मान दिला, त्या दिवशी आपण त्या कारागिराचं गिऱ्हाईक राहिलो नाही, फक्त चाहते झालो. चाहते टाळ्या वाजवतात, पण टाळ्यांवर रंग, लाख आणि लाकूड मिळत नाही.

याचा पुरावा त्याच गावात आहे. चतुर्थीच्या आधी सिंधुदुर्गात आणि गोव्यात गावोगाव गणपतीच्या शाळा चालू होतात. मातीची मूर्ती, तोच रंग, तोच कुंचला. तिथे ‘मूर्तिकला जपा’ अशी कुणी सभा घेत नाही. तरी दर वर्षी काम मिळतं. का? कारण मूर्ती पाण्यात जाते. दीड दिवसांनी म्हणा, पाच किंवा अकरा दिवसांनी म्हणा, ती विरघळते, आणि पुढच्या वर्षी प्रत्येक घराला नवी लागते. मोती तलाव दर वर्षी मूर्ती पोटात घेतो आणि मूर्तिकाराला पुढच्या वर्षीचं काम देऊन जातो. लाकडाचं तसं नाही. लाकूड बुडत नाही आणि आपण ते झिजूही देत नाही. सणाशी बांधलेली कला दर वर्षी नवी होते. कपाटाशी बांधलेली कला एकदा विकली जाते आणि थांबते.

गंजिफांचं उदाहरण याहून बोलकं आहे. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. चिंचोक्याच्या खळीनं कापडाचे थर चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप द्यायचा, घोटून गुळगुळीत करायचं, रंगवायचं आणि वर लाखेचा हात द्यायचा. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा १२० पत्त्यांची असते. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते, त्यांत एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम जवळजवळ बंद पडलं होतं. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ते समजून घेतलं, स्वतः शिकले आणि राजवाड्यातच कारखाना सुरू करून कारागिरांना बसवलं. आज गंजिफा दिसतात त्या यांच्यामुळे. राजघराण्यानं दुसऱ्याच्या कलेला आश्रय दिल्याच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकतो. इथे राजा-राणी स्वतः हातात कुंचला घेऊन शिकायला बसले. हा फरक लहान नाही.

पण पुढचा प्रश्न आपला आहे. आज गंजिफा विकत घेणाऱ्यांतले किती जण गंजिफा खेळतात? खेळ मोठा गमतीचा आहे. साधारणपणे तिघं खेळतात, प्रत्येकाला चाळीस पाने. दिवसा खेळ असेल तर सुरुवात रामाच्या पानांनी, रात्री असेल तर कृष्णाच्या. निम्म्या अवतारांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का मोठा. म्हणजे डोकं ताळ्यावर ठेवून, गेलेली पानं लक्षात ठेवून खेळायचा खेळ. आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री दोन दोन वाजेपर्यंत पत्ते चालतात. पण गंजिफा आपण फ्रेम करून भिंतीवर लावतो. जो पत्ता कधी पिसला जात नाही तो पत्ताच नाही, चित्र आहे. आणि लोकांना चित्रंच हवी झाली की कारागीरही चित्रंच देणार. त्यात त्याचा काय दोष?

इथे कुणीतरी म्हणेल की सरकार करतंय ना काहीतरी. करतंय. गंजिफांना जीआय मिळालं आहे, म्हणजे त्या नावाला कायद्याचं संरक्षण आलं. आता भलत्याच ठिकाणी छापलेल्या पत्त्यांवर कुणी ‘सावंतवाडी गंजिफा’ असं नाव टाकू शकत नाही. परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला, आणि त्यातून नोंदणी केलेल्या हस्तकारागिरांना आणि जीआय असलेल्या वस्तूंना सूट दिली गेली. हे सगळं चांगलंच झालं. पण या सगळ्याचा अर्थ काय? सरकारनं दाराबाहेरची गर्दी थोडी हटवली. दारातून आत जाऊन खेळणं विकत घ्यायचं काम कुठलाही कायदा करू शकत नाही. जीआय नाव राखतं, गिऱ्हाईक आणत नाही.

मग काय करता येतं, हे बघायला मी दुसऱ्या एका तलावाकाठच्या गावाबद्दल वाचत होतो. स्वित्झर्लंडमधलं ब्रिएन्झ. त्याच नावाच्या सरोवराच्या काठावर वसलेलं, आणि लाकडी कोरीवकामासाठी नावाजलेलं. १८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही, कारण आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. पिकं बुडाली, लोक उपाशी राहिले. त्या दिवसांत ब्रिएन्झच्या ख्रिस्तियान फिशर नावाच्या माणसानं लाकडी वस्तू कोरून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांना विकायला सुरुवात केली, मग इतरांना शिकवलं. पुढे प्रवासी वाढले, तसं गावाचं पोट या कामावर चालू लागलं. म्हणजे ब्रिएन्झची कला काही राजाश्रयातून आली नाही, भुकेतून आली.

पण मला महत्त्वाची वाटली ती पुढची गोष्ट. १८८४ साली तिथे कोरीवकामाची शाळा निघाली आणि ती आजही चालू आहे. चार वर्षांचं रीतसर शिक्षण, शेवटी मान्यता असलेलं प्रमाणपत्र. तिथे शिकायला तुमचे वडील कोरीवकाम करणारे असावे लागत नाहीत. आपल्याकडे हे काम घरातून घरात जातं. घरातल्या मुलानं इंजिनियर व्हायचं ठरवलं तर साखळी तुटली. आणि त्यानं इंजिनियर का होऊ नये? कारागिराच्या मुलानं बापाचंच काम करावं, असं म्हणायचा अधिकार बी.ए. करून बँकेच्या परीक्षांचे फॉर्म भरणाऱ्या आपल्याला अजिबात नाही. जाणाऱ्याला अडवू नये. पण बाहेरून येऊ बघणाऱ्याला दार असावं. आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलीला हे काम शिकावंसं वाटलं तर पदवीच्या अभ्यासक्रमात तिच्यासाठी एक तासही नाही. मध्ययुगीन काव्यातल्या अलंकारांवर आपण पंधरा गुणांचं उत्तर लिहू शकतो. पांगाऱ्याचं लाकूड हातात घेऊन ते ओलं की वाळलेलं, हे मात्र सांगता येत नाही.

ब्रिएन्झकडून एक धडा उलटाही आहे. तिथे कोरलेली लाकडी अस्वलं जगभर गेली, आणि पुष्कळ वर्षं लोक त्यांना जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टचं काम समजत राहिले. वस्तू घरोघर पोचली पण गावाचं नाव वाटेत गळून पडलं. तेव्हा नाव राखणं महत्त्वाचं आहेच, जीआयला मी नावं ठेवत नाही. पण तिथे नावाच्या आधी वस्तू घरोघर गेली होती. आपण नाव राखलंय आणि वस्तू कपाटात ठेवलीय.

आता मी मुद्द्यावर येतो, आणि हा मुद्दा मी एक कॅथलिक विद्यार्थी म्हणून मांडतोय. सावंतवाडीच्या खेळण्यांवर बोलताना आपल्यापैकी पुष्कळ जणांच्या मनात एक न बोललेली गोष्ट असते. ही कला ‘त्यांची’. दशावतार त्यांचे, रुखवत त्यांचं, चौरंग त्यांचा. आपण बघायचं, कौतुक करायचं, फोटो काढायचे. मला हे खरं वाटत नाही. सावंतवाडीत मिलाग्रिस चर्च आहे, २००५ सालापासून सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. त्या गावच्या कॅथलिक घरांतली पोरं त्याच बाजारातल्या खेळण्यांवर वाढली. आणि गोव्यातल्या चर्चमधल्या वेदी, संतांच्या मूर्ती, घराघरांतले लाकडी देव्हारे, हे सगळं काम इथल्याच सुतारांच्या आणि चिताऱ्यांच्या हातचं आहे. १५६७ साली गोव्यात भरलेल्या पहिल्या प्रांतिक धर्मपरिषदेनं ख्रिस्ती मूर्ती आणि चित्रं हिंदू कारागिरांकडून करून घ्यायला बंदी घातली. बंदी घालावी लागली याचाच अर्थ तसं सर्रास चालत होतं. आणि बंदीनंतरही थांबलं नाही, हे आपल्या चर्चमधल्या वेदी बारकाईनं बघितल्या की कळतं. त्यांतल्या वेली आणि पानं पोर्तुगालमधली नाहीत.

फादर स्टीफन्स यांचं नाव आपल्या मंडळात दर वर्षी निघतं. १६१६ साली राचोलला छापलेलं क्रिस्तपुराण आपण अभिमानानं मिरवतो, कारण एका इंग्रज जेझुइटानं येशूची कथा सांगायला इथल्या ओवीचं माप घेतलं. ओवी त्याची नव्हती, त्यानं ती वापरली. वापरली म्हणून ती आपली झाली. अंजेलो दा फोन्सेका (१९०२ ते १९६७) या सांत इस्तेव्हच्या चित्रकारानं मारियेला साडी नेसवली. गोव्यात त्याला विरोध झाला, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यानं चित्रं काढली, आणि आज तीच चित्रं आपण पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये डोळे भरून बघतो. भाषेत हे चालतं, चित्रात चालतं, तर लाकडात का चालू नये?

नाताळचा गोठा घ्या. आपण गोठा मोठ्या हौसेनं करतो. गवत आणतो, नाचणी पेरून हिरवी रोपं उगवतो, बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद घेऊन नक्षत्र बांधतो. आणि मग या सगळ्याच्या मधोमध ठेवतो दुकानातून आणलेली बाळ येशूची साच्यातली मूर्ती. सोनेरी केस, निळे डोळे, गुळगुळीत गुलाबी गाल. बैल तर असा, की आपल्या शेतातल्या बैलानं ओळखही दाखवू नये. गोठ्याला काय काय लागतं, मोजून बघा. बाळ, मारिया, सां जुझे, दोन-तीन मेंढपाळ, मेंढरं, बैल, गाढव, तीन राजे, त्यांचा उंट, एक देवदूत. या यादीतलं असं काय आहे जे बैलगाडी, पाळणा आणि बाहुल्या करणाऱ्या हाताला जमणार नाही? राजा तर तो हात रोजच रंगवतो. गंजिफेत दहा दहा राजे असतात.

आणि गोठा हे सणाचं काम आहे. म्हणजे दर वर्षीचं काम. एका घरानं यंदा बाळ, मारिया आणि जुझे घेतले, पुढच्या वर्षी बैल आणि गाढव, त्याच्या पुढच्या वर्षी मेंढपाळ, असं करत करत सात-आठ वर्षांत गोठा पुरा होतो. तोवर पहिल्या मेंढराचा कान तुटलेला असतो. तुटू दे. खरं तर तुटावाच. गोठ्यापाशी पोरं बसली की त्यांचे हात मेंढरांकडे जाणारच, आणि लाकडाचं मेंढरू त्यासाठीच असतं. ज्याचा जन्मच गव्हाणीत झाला त्याच्या गोठ्याला काच लावायची काय गरज?

यावर मला काही आक्षेप ऐकू येतात. पहिला, महाग पडतं. हो, पडतं. साच्यातून एका मिनिटाला निघणारी मूर्ती आणि हातानं घासून-रंगवून दोन-तीन दिवसांत होणारी मूर्ती यांची किंमत सारखी कशी असेल? पण आपण खर्च कुठे करतो तेही बघू. एका रात्रीच्या रोषणाईला, डीजेला आणि एकदाच घालायच्या ड्रेसला आपण हिशेब विचारत नाही. हिशेब आठवतो तो नेमका कारागिरासमोर उभं राहिल्यावर. “दादा, थोडं कमी करा ना” हे वाक्य आपण मॉलमध्ये कधी बोलत नाही.

दुसरा आक्षेप, आजकालची पोरं लाकडी खेळण्यांनी खेळत नाहीत. हे मला पटत नाही. पोरांना आपण विचारलंच कुठे? काचेमागं ठेवलेल्या वस्तूनं कुठलं पोर खेळेल? लहान पोराच्या हातात जातं द्या आणि बघा. ते आधी तोंडात घालेल, मग आपटेल, मग त्यात काहीतरी दळेल. म्हणूनच घेताना रंग कसला वापरलाय, तोंडात गेला तर चालेल का, हेही दुकानात विचारावं. विचारणारं गिऱ्हाईक आलं तरच करणारा त्याचा विचार करतो. हेही ‘जपणं’च आहे, पण वापरणाऱ्याचं जपणं.

तिसरा आक्षेप थोडा नाजूक आहे. गोठ्यातली मारिया चितारी ढंगाची, मोठ्या डोळ्यांची, नऊवारीतली दिसली तर घरच्या म्हाताऱ्या माणसांना चालेल का? कदाचित पहिल्या वर्षी नाही चालणार. फोन्सेकाचंही चाललं नव्हतं. पण बेथलेहेमच्या मुलीचे केस सोनेरी होते, असं शुभवर्तमानात कुठेही लिहिलेलं नाही. सोनेरी केस हीसुद्धा कुठल्यातरी गावच्या कारागिराचीच कल्पना. त्यानं आपल्या गावची पोर बघून मारिया घडवली. तीच मुभा चितार आळीला देऊ या.

आणि चौथा आक्षेप आपल्यातलेच काही जण घेतील की हे साहित्य मंडळ आहे, इथे खेळण्यांचं काय काम? काम आहे, आणि ते फक्त आपणच करू शकतो. वस्तू गेली की तिच्यामागून शब्द जातो. पांगुळगाडा, रोवळी, चौरंग, गव्हाण, खळ, घोटणं. यातले किती शब्द आपल्या धाकट्या भावंडांना कळतात? ‘वॉकर’ आला आणि पांगुळगाडा शब्दकोशात जाऊन बसला. चितार आळीत अजून हे शब्द तोंडी आहेत, आणि त्याहून जास्त असे शब्द आहेत जे कुठल्याही कोशात नाहीत. हत्यारांची नावं, रंगांची नावं, लाकूड वाळवण्याच्या पायऱ्यांची नावं. खांडेकरांच्या शिरोड्याबद्दल आणि दळवींच्या आरवलीबद्दल आपण वाचतो. त्याच मुलखातला हा शब्दसंग्रह अजून कुणी नीट उतरवून घेतलेला माझ्या तरी वाचनात नाही.

म्हणून मी मंडळापुढे तीन साध्या गोष्टी ठेवतो. एक, यंदाच्या कॉलेजच्या गोठ्यासाठी बाळ, मारिया आणि जुझे सावंतवाडीहून करून आणायचे, वर्गणी काढून. बाकीची पात्रं पुढच्या वर्षांच्या मुलांवर सोडायची, म्हणजे दर वर्षी कुणीतरी तिथे जाईल. दोन, गंजिफेचा एक संच घ्यायचा आणि तो भिंतीवर न लावता मंडळाच्या खोलीत खेळायला ठेवायचा. पत्ते मळतील. मळले की नवा संच घेऊ. तीन, जाताना वही घेऊन जायचं. फोटो काढा, हरकत नाही, पण कारागिराला आधी विचारा, आणि फोटोपेक्षा शब्द जास्त आणा. कोणत्या हत्याराला काय म्हणतात, ते कुणी शिकवलं, दिवसात किती तुकडे होतात, लाकूड कुठून येतं. पुढच्या अंकात ती यादी छापू. ती या लेखापेक्षा नक्कीच जास्त उपयोगाची असेल.

हे सगळं डिसेंबरात आठवून चालणार नाही. कोकणात आणि गोव्यात गणपतीची मूर्ती सांगायची एक रीत आहे. चतुर्थीच्या बऱ्याच आधी घरचा लाकडी पाट उचलायचा आणि मूर्तिकाराच्या शाळेत नेऊन ठेवायचा. पाट पोचला म्हणजे मूर्ती सांगितली. त्या पाटावर मूर्ती घडते आणि त्याच पाटावरून घरी येते. मूर्तिकाराच्या शाळेत ओळीनं ठेवलेले पाट म्हणजे त्याच्या पुढच्या दोन-तीन महिन्यांचं पोट. यापेक्षा चांगला ‘कला जपण्याचा’ उपाय कुठल्याही परिसंवादात निघालेला नाही.

आपणही एक पाट नेऊन देऊ. पावसाळा संपत आला की, नाताळच्या तीन महिने आधी.